मेजवानीतून उठून गेलेला राजा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडचा राजा एडविग (राज्यकाळ 955 ते 959) राज्याभिषेकाच्या दिवशीच मेजवानी सोडून बायकांकडे गेला, एका मठाधिपतीने त्याला ओढत परत आणलं, दीडेक वर्षात अर्धं राज्य धाकट्या भावाकडे गेलं आणि विशी गाठायच्या आत तो मेला. हा मुलगा खरंच इतका नादान होता, की त्याची पद्धतशीर बदनामी झाली?

मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. एडविग आला की वर्गातली पेंगणारी मुलंही सरसावून बसतात. मेजवानीची गोष्टच तशी आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. बदनामी झाली, आणि ती ज्यांचा फायदा झाला त्यांच्या गोटातूनच झाली. पण म्हणून पोरगं धुतल्या तांदळासारखं होतं असंही नाही. त्याचे खरे दोष वेगळ्याच कागदांत सापडतात. त्यांचा त्या मेजवानीशी संबंध नाही.

आधी घराणं. इथे सगळ्यांची नावं ‘एड’ नाहीतर ‘एथेल’ने सुरू होतात, त्यामुळे नवखा माणूस पहिल्याच पानावर हरवतो. ‘एड’ म्हणजे संपत्ती, भाग्य. पणजोबा आल्फ्रेड, आजोबा थोरला एडवर्ड, वडील एडमंड. एडमंडला 946 साली पकलचर्च इथे लिओफा नावाच्या माणसाने भोसकून मारलं, तेव्हा एडविग पाच-सहा वर्षांचा आणि धाकटा एडगर जेमतेम तीन वर्षांचा. आई त्याआधीच, 944 मध्ये गेलेली. इतक्या लहान मुलाला गादीवर कोण बसवणार? राज्य काकाकडे, एडरेडकडे गेलं.

एडरेड कायम आजारी. त्याला घट्ट अन्न पचत नसे, नुसता रस चोखून तो उरलेलं टाकून द्यायचा, असं वर्णन आहे. लग्न नाही, मूल नाही. तरी त्याच्याच कारकिर्दीत, 954 मध्ये, उत्तरेकडचं नॉर्थम्ब्रिया कायमचं ताब्यात आलं. म्हणजे 23 नोव्हेंबर 955 रोजी फ्रोम इथे एडरेड वारला आणि पंधरा वर्षांच्या एडविगकडे राज्य आलं, तेव्हा ‘इंग्लंड’ नावाची एकसंध वस्तू जेमतेम वर्षभराची होती. हे ध्यानात ठेवा. पुढे ‘राज्य फोडलं’ असा आरोप येणार आहे, आणि तो ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर आजचा नकाशा येतो. दहाव्या शतकातल्या माणसाला टेम्सच्या दक्षिणेचं वेसेक्स आणि उत्तरेचं मर्सिया ही दोन वेगळी राज्यंच वाटत होती.

एडरेडच्या दरबारात सत्ता तिघा-चौघांच्या हाती होती. पहिली राजमाता एडगिफू, म्हणजे एडविगची आजी. दुसरा ग्लास्टनबरीचा मठाधिपती डन्स्टन, जो राजाच्या खजिन्याचा काही भाग मठात सांभाळत असे. तिसरा पूर्व अँग्लियाचा सरदार एथेलस्टन. त्याचा पसारा इतका मोठा की लोक त्याला ‘अर्धा राजा’ म्हणत. धाकटा एडगर याच सरदाराच्या घरी, त्याच्या बायकोच्या हाताखाली वाढला होता. एडरेडचं मृत्युपत्र शिल्लक आहे. त्यात आईला भरघोस दिलंय, दुष्काळ आणि परकीय सैन्य यांपासून प्रजेची सुटका करून घेता यावी म्हणून 1600 पौंड राखून ठेवलेत, पण दोन्ही पुतण्यांचं नावसुद्धा नाही.

अशा घरात पंधरा वर्षांचा मुलगा राजा झाला. आजी, आजीचा साधू आणि धाकट्या भावाचा पालनकर्ता, तिन्ही बाजूंनी तो वेढलेला.

आता ती मेजवानी. 956 च्या सुरुवातीला टेम्सकाठच्या किंग्स्टनला राज्याभिषेक झाला. गोष्ट अशी सांगतात की जेवण ऐन रंगात असताना राजा उठून गेला. कँटरबरीचा आर्चबिशप ओडा संतापला, कुणीतरी जाऊन त्याला घेऊन या म्हणाला. जायला कुणी धजेना. शेवटी डन्स्टन आणि लिचफील्डचा बिशप किनेसिगे निघाले. आत पाहतात तर सोन्यारुप्याचा, रत्नजडित मुकुट जमिनीवर भिरकावलेला, आणि राजा एथेलगिफू नावाच्या बाईच्या आणि तिच्या मुलीच्या मधोमध, उकिरड्यात लोळणाऱ्या डुकरासारखा. डन्स्टनने बायकांना झापलं, राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि त्याला ओढत सभेत आणलं.

हे लिहिलंय कुणी? डन्स्टनच्या चरित्रकाराने. त्याने आपलं पूर्ण नाव दिलेलं नाही, नुसतं ‘बी’ हे आद्याक्षर दिलंय. तो डन्स्टनच्या परिवारात राहिलेला माणूस होता, आणि त्याने हे लिहिलं घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. तोवर डन्स्टन आर्चबिशप होऊन, वारून, संत म्हणून पुजला जाऊ लागला होता. संताच्या चरित्रात संताला हद्दपार करणारा राजा सज्जन कसा निघेल? संतचरित्रं वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. आपल्याकडेही संताला छळणारा माणूस गोष्टीत भला निघत नाही.

खरी गंमत गोष्टीत जे सांगितलेलं नाही त्यात आहे. ती ‘मुलगी’ म्हणजे एल्फगिफू. राजाने तिच्याशी रीतसर लग्न केलं. याला पुरावा एका जमिनीच्या अदलाबदलीच्या कागदाचा आहे, बिशप बिर्थहेल्म आणि अबिंग्डनचा मठाधिपती एथेलवोल्ड यांच्यात झालेल्या. साक्षीदारांमध्ये सरळ लिहिलंय: एल्फगिफू, राजाची बायको, एथेलगिफू, राजाच्या बायकोची आई. आणि हा एथेलवोल्ड कोण? डन्स्टनचाच शिष्य, पुढे विंचेस्टरचा कडक शिस्तीचा बिशप. ज्या दोघींना चरित्रकार उकिरड्यात बसवतो, त्यांच्यासोबत एक भावी संत निवांतपणे व्यवहार करतोय.

मग मेजवानीत नेमकं काय झालं? माझा तर्क असा, की मुलगा भावी सासू आणि भावी बायको यांच्याशी बोलायला आत गेला होता, आणि हे लग्न जुळू नये असं वाटणारी माणसं बाहेर बसली होती. एल्फगिफू बहुधा आल्फ्रेडचा थोरला भाऊ राजा पहिला एथेलरेड याच्या वंशातली. म्हणजे राजघराण्याच्या दोन शाखा पुन्हा एकत्र येणार होत्या. शिवाय एडविगला मुलगा झाला असता तर एडगरच्या गादीच्या आशेवर पाणी पडलं असतं, आणि एडगरला वाढवणाऱ्या कुटुंबाच्या आशेवरही. अभिषेकाच्या दिवशी राजाचं सभेतून उठून जाणं हा अपमान होताच, त्यात वाद नाही. पण तो अपमान एवढा झोंबण्याचं कारण राजकारणात होतं.

डन्स्टनला देश सोडावा लागला. तो फ्लँडर्समध्ये गेन्टच्या मठात जाऊन राहिला. आजी एडगिफूची सगळी मालमत्ता गेली. इथे मात्र मी एडविगची वकिली करणार नाही, कारण याची हकीकत खुद्द आजीच्या तोंडची आहे. केंटमधल्या कूलिंग आणि ऑस्टरलँड या जमिनींबद्दल तिने पुढे एक निवेदन करून ठेवलं. एडरेड वारल्यावर आपलं सगळं हिरावून घेतलं गेलं, आणि गोडा नावाच्या जुन्या दावेदाराच्या दोन मुलांनी, लिओफस्टन आणि लिओफ्रिक यांनी, कोवळ्या राजाकडे जाऊन ‘या जमिनींवर हिच्यापेक्षा आमचा हक्क जास्त’ असं सांगून त्या बळकावल्या, असं ती म्हणते. पुढे एडगरने त्या तिला परत केल्या. नवा राजा गादीवर आला की जुने दिवाणी दावे उकरून काढणारे कसे रांगेत उभे राहतात, याचं इतकं जिवंत चित्र त्या काळातल्या दुसऱ्या कागदात मला दिसलेलं नाही. पंधरा वर्षांच्या पोराला कोणाचं ऐकावं हे कळलं नाही, की आजीचा काटा काढायची ही संधी त्याला हवीच होती? दोन्ही थोडंथोडं असावं.

आता येतो माझ्या आवडत्या विषयावर, म्हणजे सनदांवर. मेजवानीवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि हा भाग दोन ओळींत उरकला जातो. माझ्या मते एडविगची खरी कारकीर्द इथे आहे.

956 या एका वर्षात एडविगच्या नावाने साठाहून अधिक जमिनीच्या सनदा निघाल्या. बाराव्या शतकाच्या आधी युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही राजाने एका वर्षात एवढ्या सनदा दिल्याचं दिसत नाही. आपल्याकडच्या ताम्रपटांची ज्यांना सवय आहे त्यांना या सनदा ओळखीच्या वाटतील. सुरुवातीला देवाचं स्मरण आणि जग नश्वर असल्याची आठवण, मग देणारा, घेणारा, जमीन किती (‘हाइड’ या मापात), त्यानंतर चतुःसीमा, दान मोडणाऱ्याला शाप, आणि शेवटी साक्षीदार. चतुःसीमा मात्र लॅटिनमध्ये नसून लोकांच्या इंग्रजीत. ओढा, जुना दगड, काटेरी झुडूप, अमक्याची वाट अशा खुणा सांगत सीमेवरून अक्षरशः फिरवून आणतात. सगळे कर माफ, फक्त सैन्य, पूल आणि गढीची डागडुजी ही तीन कामं माफ नाहीत. जाता जाता, राष्ट्रकूट कृष्ण तिसऱ्याचा कऱ्हाडचा ताम्रपट शके 880 चा, म्हणजे इ.स. 959 चा आहे. एडविग मेला तेच वर्ष. कृष्णही तेव्हा दक्षिणेत तळ ठोकून जिंकलेला मुलूख आपल्या माणसांना वाटत होता. पण तो जिंकलेला मुलूख होता. एडविगने काही जिंकलेलं नव्हतं, तो घरचंच वाटत होता.

फरक एवढाच की तांब्याचा पत्रा सहसा मूळ रूपातच सापडतो, तर कातड्यावरच्या या सनदा बऱ्याचदा मठांनी पुढच्या शतकांत उतरवून ठेवलेल्या वहीतून मिळतात. त्यात अबिंग्डनसारख्या मठाने दप्तर नीट जपलं, म्हणून एडविगच्या सनदा जास्त दिसतात, अशी शंका रास्त आहे. मी ती तपासली आहे. पण एवढ्याने आकड्याचा उलगडा होत नाही. एका वर्षातला हा फुगवटा खराच आहे.

घेणारे कोण? बहुसंख्य सामान्य सरदार आणि सेवक, चर्च कमी. याचे दोन अर्थ लावतात. एक, कमकुवत राजा पाठिंबा विकत घेत होता. दोन, जुन्या वर्तुळाला दूर सारून आपली माणसं उभी करायची त्याला घाई होती. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, पण घाई हा शब्द सौम्य झाला. हात फार सैल सुटला होता. राजाची जमीन ही त्या काळची तिजोरी, आणि ती पहिल्याच वर्षी अशी उधळली की पुढे द्यायला काय उरणार? एथेलवोल्डने पुढे लिहून ठेवलंय की बालपणाच्या अज्ञानापायी एडविगने राज्याची एकी मोडली आणि चर्चच्या जमिनी लुबाडणाऱ्या परक्यांना वाटल्या. एथेलवोल्डचा मठ स्वतः एडविगकडून जमीन घेत होता हे सोडून दिलं, तरी ‘अज्ञान’ हा शब्द मला योग्य वाटतो. त्यात दुष्टपणाचा आरोप नाही.

नेमणुका मात्र पाहा. मर्सियात एल्फहेरे आणि एसेक्समध्ये बिर्थनॉथ हे दोन सरदार एडविगने 956 मध्ये नेमले. बिर्थनॉथ हा तोच, जो पुढे 991 मध्ये मॉल्डनला व्हायकिंगांशी लढताना पडला आणि इंग्रजी काव्यात अमर झाला. एडगर राजा झाल्यावर त्याने या दोघांनाही हलवलं नाही, उलट वाढवलं. नादान राजाची माणसं पारखण्याची नजर इतकी चांगली कशी, हा प्रश्न चरित्रकाराला विचारायला हवा होता.

957 च्या उन्हाळ्यात राज्याची वाटणी झाली. टेम्सच्या दक्षिणेला एडविग, उत्तरेला एडगर. चरित्रकार म्हणतो की राजाच्या मूर्खपणाला कंटाळून उत्तरेकडच्या लोकांनी त्याला झुगारून दिलं. आता त्याच सनदांच्या साक्षीदारांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. वाटणीनंतर टेम्सच्या उत्तरेचे बिशप आणि सरदार एडगरच्या सनदांवर दिसतात, दक्षिणेचे एडविगच्या. एल्फहेरे एडविगनेच नेमलेला, तरी तो एडगरकडे गेला, कारण त्याचा प्रांत मर्सियात. ओडा एडविगला सुनावणारा, तरी तो एडविगकडे राहिला, कारण कँटरबरी दक्षिणेत. बंड झालं की माणसं निष्ठेनुसार फुटतात. इथे ती नकाशाप्रमाणे विभागली आहेत. हे बंडाचं लक्षण नव्हे, बसून केलेल्या वाटणीचं आहे.

नाण्यांची साक्ष याहून बोलकी. एडविग जिवंत असेपर्यंत उत्तरेतल्या टांकसाळीही त्याच्याच नावाची नाणी पाडत राहिल्या. एडगरच्या नावाचं नाणं 959 पूर्वी नाही. सनदांत एडविग स्वतःला ‘इंग्रजांचा राजा’ म्हणवतो, एडगर फक्त ‘मर्सियाचा राजा’. म्हणजे थोरला थोरलाच राहिला, धाकट्याला वाटा मिळाला. असं आधीही घडू पाहत होतं. 924 मध्ये थोरला एडवर्ड वारल्यावर मर्सियाने त्याचा मुलगा एथेलस्टनला (हा ‘अर्धा राजा’ नव्हे) निवडलं, तर वेसेक्सने बहुधा एथेलस्टनचा सावत्रभाऊ एल्फवर्डला. एल्फवर्ड बापामागोमाग सोळा दिवसांत मेला म्हणून तो पेच आपोआप सुटला. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या वर्षवार इतिवृत्ताच्या एका प्रतीत तर 955 मध्येच एडविगला वेसेक्स आणि एडगरला मर्सिया मिळाल्याची नोंद आहे. ती चूक मानतात. मीही मानतो. पण लिहिणाऱ्याला असं काही होणं स्वाभाविक वाटलं, हे त्यातून कळतं.

तरीही एडविगने ही वाटणी आनंदाने केली असेल असं मला वाटत नाही. एडगर चौदाव्या वर्षात आला होता, त्याच्यामागे ‘अर्ध्या राजा’चं कुटुंब उभं होतं, आणि उत्तरेला वेसेक्सच्या सनदांच्या लाटेतून फारसं काही मिळालेलं नव्हतं. दाब आला आणि त्याने वेळीच तडजोड केली, असं मी म्हणेन. रक्त सांडल्याची एकही नोंद नाही. एडगरने मर्सियात बसताच डन्स्टनला परत बोलावून बिशप केलं, यावरून दाब कुठून आला असावा तेही दिसतं.

त्यानंतरचा घाव खरा वर्मी बसला. 958 मध्ये ओडाने एडविग आणि एल्फगिफूला वेगळं केलं, कारण नातं फार जवळचं. चर्चचा नियम सात पिढ्यांचा होता, आपल्या सपिंडाच्या हिशोबासारखा. एडविगचा खापरपणजोबा एथेलवुल्फ हाच तिचाही पूर्वज. नियमाने पाहिलं तर ओडाची बाजू बरोबर. पण हे नातं लग्नाच्या दिवशीही तेवढंच जवळचं होतं, आणि आठवलं ते वाटणीनंतर. मूल नाही, बायको नाही, म्हणजे वारस एडगरच. ओडा त्याच वर्षी जूनमध्ये वारला.

त्याच्या जागी एडविगने विंचेस्टरच्या एल्फसिगेला नेमलं. तो पोपकडून पदाचं वस्त्र आणायला रोमकडे निघाला आणि आल्प्समध्ये थंडीने गोठून मेला. मग बिर्थहेल्म नावाच्या बिशपला नेमलं. त्याला एडगरने गादीवर येताच माघारी पाठवलं आणि डन्स्टनला आर्चबिशप केलं. एडविग 1 ऑक्टोबर 959 रोजी गेला, एकोणीसेक वर्षांचा. विंचेस्टरच्या नव्या मठात त्याला पुरलं. मृत्यूचं कारण कुठेही लिहिलेलं नाही. विषप्रयोगाच्या कथा आंतरजालावर सापडतात, त्यांना आधार नाही.

त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा एकच समकालीन लेखक आहे, एथेलवर्ड. हा सरदार असून लॅटिनमध्ये इतिहास लिहिणारा दुर्मीळ माणूस. तो म्हणतो, रूपामुळे लोक एडविगला ‘सर्वांगसुंदर’ म्हणत, आणि तो प्रेम करण्याजोगा राजा होता. मात्र एथेलवर्ड हा बहुधा एल्फगिफूचा सख्खा भाऊ. म्हणजे आपल्याकडे साक्षीदार दोनच, एक शत्रूच्या घरचा आणि दुसरा मेहुणा. म्हणूनच मी नाणी आणि साक्षीदारांच्या याद्यांना इतका चिकटून बसतो.

गोष्ट मात्र पुढे वाढतच गेली. अकराव्या-बाराव्या शतकातल्या चरित्रकारांनी मीठमसाला लावला: ओडाने त्या बाईच्या चेहऱ्यावर डाग देऊन तिला आयर्लंडला धाडलं, ती परत आली तेव्हा ग्लॉस्टरला तिच्या पायांच्या शिरा तोडल्या. विद्यार्थी हे वाचून हळहळतात. तेव्हा मी त्यांच्यापुढे एल्फगिफूचं मृत्युपत्र ठेवतो. राजाची घटस्फोटित बायको आणि हे मृत्युपत्र करणारी एल्फगिफू एकच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे मृत्युपत्र एडगरच्या काळातलं आहे, 966 नंतरचं. म्हणजे ती जिवंत, धडधाकट, आणि चांगलीच श्रीमंत. एडगरच्या सनदांत तिला राजाची नातेवाईक म्हटलंय.

विंचेस्टरच्याच जुन्या मठात आपल्याला पुरावं, त्या मठाला रिसबरोची जमीन द्यावी, आणि शिक्षेपायी गुलाम झालेल्या आपल्या गावांतल्या माणसांना सोडावं, असं ती सांगते. एडविगला जिथे पुरलं त्या नव्या मठालाही जमीन आणि सोनं देते. एडगरला कितीतरी जमिनी, कडी, घोडे, ढाली, भाले. राणीला गळ्यातला हार. भाऊ एथेलवर्डलाही वाटा. बिशप एथेलवोल्डला एक जमीन देऊन त्याच्याकडे मागणं करते, की त्याने कायम प्रार्थना करावी, माझ्या आईसाठी आणि माझ्यासाठी.